आतल्या बाई

१

सोमवार उजाडला की नीलाबाईंचं डोकं सकाळपासूनच तापायला लागायचं. चहा घेताना तापायचं, गाडीची किल्ली शोधताना तापायचं, आणि बमरोलीच्या नाक्यावर सरलाबाई गाडीत बसेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झालेला असायचा.

"बघा तुम्ही, आज काय वाढून ठेवलंय ते. मागच्या खेपेला बेसिनमध्ये मावा थुंकून गेले. त्याच्या आधीच्या दिवट्यांनी गाद्या गच्चीवर नेल्या. माणसं आहेत का कोण आहेत!"

"ह्या लोकेस्ले लाज शे का नही," सरलाबाई फिनाईलची बाटली मांडीवर घट्ट धरून म्हणायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. त्यांना हे दर सोमवारचं होतं. उधन्याच्या मराठी शाळेत नीलाबाई शिकवायच्या तेव्हा सरलाबाई तिथं शिपाईण होत्या. नीलाबाईंचा राग त्यांनी पोरांच्या पाठीवर बरसताना पाहिला होता, हेडमास्तरांवरही पाहिला होता. बाई वर्गाबाहेर उभं राहून जिभेनं नुसतं 'च्' करायच्या, आणि आतला कालवा एकदम थांबायचा.

गाडी इच्छापोर मागं टाकून समुद्राच्या बाजूला वळली की घर लागायचं. बैठं, पुढं ओटा, दिवाणखान्यात पितळी कड्यांचा हिंचका, अंगणात तुळस. सुधाकररावांनी विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन हौसेनं बांधलेलं. फरश्या त्यांनी स्वतः निवडल्या, एकेक वाजवून. वास्तुशांत झाली, आणि राहायला जायच्या आधीच सुधाकरराव गेले. मागं राहिलं कर्ज. वडोद्याला असलेला मुलगा आदित्य म्हणाला, विकून टाकू. नीलाबाई म्हणाल्या, माझं मढंसुद्धा त्याच घरातून निघेल. मग मधला मार्ग निघाला. कर्ज फिटेपर्यंत घर सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायचं, बुकिंग आदित्यनं फोनवरून बघायचं, आणि येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नीलाबाईंनी उधन्याचा भाड्याचा फ्लॅट सोडून कायमचं तिथं राहायला जायचं. बाईंच्या आयुष्यात आता तेवढंच एक उरलं होतं. त्या घरात, त्या हिंचक्यावर, आपल्या माणसानं निवडलेल्या फरशीवर पाय टेकवून बसायचं.

सुरुवातीला त्यांनी गोडीत घेऊन पाहिलं हो. डब्यात चिवडा ठेवायच्या, फुलदाणीत फुलं ठेवायच्या. दारामागं सुंदर अक्षरात लिहून लावलं होतं, 'हे आमचं राहतं घर आहे, आपल्या स्वतःच्या घरासारखं वापरा.' आदित्यनं खाली त्याचं गुजरातीही करून दिलं. चिवडा लोकांनी खाल्ला, डबा नेला. मग बाईंनी तो कागद फाडून टाकला. यांची स्वतःची घरं अशीच उकिरडे असणार, त्यांना आपल्या घरासारखं वापरा कसलं सांगायचं!

२

त्या सोमवारी दार उघडल्याबरोबर आंबूस वास आला. कुणाचा तरी वाढदिवस झाला होता. केक भिंतीला फासलेला, चमकी सगळीकडे, हिंचक्याची एक कडी ओढून वाकवलेली. तुळशीच्या कुंडीत सिगारेटची थोटकं खोचलेली होती. नीलाबाईंनी ती एकेक करून बोटांनी उपटली. सरलाबाईंना कळलं की आज काही खरं नाही.

पण कहर स्वयंपाकघरात होता. ओट्याच्या पलीकडं, आग्नेयेच्या कोपऱ्यात, भटजींनी वास्तुशांतीला वास्तू पुरली होती. वरून साधी फरशी. वर्षातून एकदा तिच्यावर नैवेद्याचं पान ठेवायचं, एवढंच बाईंना ठाऊक होतं आणि तेवढं त्या न चुकता करायच्या. त्या फरशीवर आज चघळलेल्या हाडांचा ढीग होता. मुंग्या लागलेल्या होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यांनो!" त्या ओरडल्या, आणि आवाज रिकाम्या घरातून फिरून परत आला. "यांना सांगून कळत नाही, लिहून कळत नाही. मी कुठवर पुरू? मी तिकडं उधन्याला, हे इथं धिंगाणा घालणार!"

हाडं त्यांनी स्वतः उचलली. फरशी स्वतः पुसली, तीनतीनदा. मग ओल्या हातानंच पर्स उघडली. आदल्या दिवशी शेजारच्या कुसुमताईंकडं हळदीकुंकू होतं, तिथला विडा पर्समध्ये तसाच होता. पान सुकलेलं, सुपारी चांगली. बाईंनी पान मांडलं, वर सुपारी ठेवली आणि रीतसर, देवाला आमंत्रण द्यावं तसे हात जोडले.

"हा विडा घे," त्या दातओठ खात म्हणाल्या. "मला नाही जमत. आजपासून या घराची मालकीण तू. घराचा मान कसा राखायचा ते तूच शिकव यांना. माझ्यासारखं. माझ्याहून कडक. कुणाची गय करू नकोस."

सरलाबाई दारात पोछा पिळत उभ्या होत्या. त्यांना हसू आलं. "बराबर सांगितलं, बाई. दाखवू दे तिले हिसका."

बाईंनाही मग जरा मोकळं वाटलं. त्या दिवशी दोघींनी घर लख्ख केलं आणि परतताना डाळीचा गरम लोचो खाल्ला.

३

पुढच्या सोमवारी दार उघडलं तर घर स्वच्छ.

म्हणजे नुसतं आवरलेलं नव्हे, स्वच्छ. फरशी पुसलेली. चादरी घडी घालून पायथ्याशी. नीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. धुतलेले ग्लास ओट्यावर तिकोनी घडीच्या पंच्यावर पालथे घातलेले होते. त्यांनी एक ग्लास उचलून उजेडात धरला. डाग नाही.

"हिसका दाखवला बरं का तिनं," त्या हसत म्हणाल्या. सरलाबाईंनी दिवसभराचं काम वाचलं म्हणून आनंदानं पुढच्या ओट्यावर बसकण मारली. पंच्याची अशी तिकोनी घडी आपल्याशिवाय कोण घालतं, हा विचार बाईंच्या मनात आला. पण घालत असेल एखादी. संस्कार असतात काही घरांत.

तेवढ्यात फोन आला. राहून गेलेला पाहुणा होता, केयूर नावाचा, आवाज चढलेला.

"आंटी, आपने बोला था पूरा घर हमारा रहेगा. प्रायवेट. तो फिर आप पूरे टाइम अंदर क्यूँ बैठी थीं?"

"काय? मैं? मैं तो उधना में थी."

"झूठ मत बोलो, आंटी! मेरी वाइफ रो रही थी. आप किचन में खड़ी थीं, पीठ करके. हर चीज पे टोकती थीं. जूठा गिलास मत रखो, जोर से मत हँसो. बच्चों को दो घंटा कोने में खड़ा किया आपने!"

"ए मिस्टर, जबान सँभालके बात करो," नीलाबाई कडाडल्या. फोन कट झाला. लगेच त्यांनी आदित्यला लावला. तो म्हणाला, "आई, पैसे परत मागायची ही नवी तऱ्हा आहे. कुणी झुरळ दाखवतं, कुणी आणखी काही. तू मनावर घेऊ नकोस."

खरंच की. असल्या नतद्रष्टांचं काय मनावर घ्यायचं? बाईंनी पंचा उचलून झटकला. पण पाठ करून उभी, हे त्याला कसं सुचलं? ओट्याशी काम करताना त्या नेहमीच दाराकडं पाठ करून उभ्या राहायच्या. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. ओटा भिंतीला लागून आहे, दुसरं कसं उभं राहणार कुणी!

४

त्यानंतर दर सोमवारी घर तसंच. फोन मात्र वाढले. कुणी रागात, कुणी रडत. एका बाईनं तर फोन करून नुसतं "सॉरी आंटी, सॉरी" म्हटलं आणि कशाबद्दल ते सांगितलंच नाही. नीलाबाई म्हणाल्या, बरं झालं. आता तरी कळेल दुसऱ्याचं घर म्हणजे काय असतं. शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच लोक घाबरून वागत होते आणि त्यांना ते गोड लागत होतं, का लागू नये?

तरी एका शनिवारी दुपारी त्या न सांगता निघाल्या. कडोदऱ्याचं एक मराठी कुटुंब उतरलं होतं, योगेंद्र आणि योगिता, दोन मुलं. वाकडं वागत असतील तर रंगेहाथ पकडावं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्यांना नीट सांगता आलं नसतं.

फाटक उघडलं. भर दुपार, ऊन रणरणतंय, आणि ओट्यावर दोन मुलं भिंतीला पाठ लावून बसलेली. हात गुडघ्यांवर. मुलगा आठेक वर्षांचा, मुलगी लहान. बाईंना बघून दोघं ताठ झाली. कुणी हाक मारली नाही, कुणी हललं नाही.

आत योगिता गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. ती फरशी आरशासारखी होती. नवरा कोपऱ्यात उभा राहून हिंचक्याच्या कड्या रुमालानं घासत होता. चांगला थोराड माणूस, कारखान्यात चार लोकांना हुकूम सोडणारा, आणि बाईंना बघून त्यानं मान खाली घातली.

"झालंच बाई," योगिता घाईघाईनं म्हणाली. "परत एकदा पुसते. राग मानू नका." मग ती गोंधळली. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, पुन्हा बाईंकडं पाहिलं. "तुम्ही आत्ताच आत गेलात ना?"

नीलाबाई जागीच थांबल्या. "मी आत्ता येतेय. बाहेरून."

"हो बाई. तुम्ही म्हणाल तसं, बाई."

त्यांना त्या पोरीला दंडाला धरून उठवावंसं वाटलं. ते न करता त्या बाहेर मुलांकडं आल्या. मुलीचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पाणी नाही का प्यायलीस, बाळा?"

"बाईंनी सांगितलंय, ग्लास उष्टा करायचा नाही," मुलगी हळूच म्हणाली. "सकाळपासून नाही केला."

आता मात्र बाईंचं काळीज हललं. वर्गात त्यांनी पोरांना उभं केलं होतं, रडवलं होतं, पण तहानलेलं पोर त्यांनी कधी बसवून ठेवलं नव्हतं. कधीच नव्हतं. त्या तरातरा आत गेल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्यांनी ग्लास सुलटा केला, माठातलं पाणी घेतलं आणि बाहेर ओट्यावर नेऊन मुलीच्या तोंडाला लावलं. पोर घटाघटा प्यायली.

आतून आवाज आला. 'च्.'

मुलीनं ग्लास सोडला. पाणी बाईंच्या साडीवर सांडलं. भाऊ रडायला लागला, आवाज न करता. आणि नीलाबाईंची स्वतःची पाठ, हे त्यांना नंतर आठवून शरम वाटली, शाळेतल्या पोरासारखी ताठ झाली होती.

"सामान भरा," त्या योगेंद्रला म्हणाल्या. "आत्ता. निघा इथून."

५

ते गेल्यावर त्या एकट्याच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन खिडकीतून त्या फरशीवर पडलं होतं. पान नव्हतं. सुपारी नव्हती. वाऱ्यानं पान उडेल, सुपारी उडते का? सरलाबाईंनी झाडली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. दुसरं काय असणार? पाहुण्यांनीही उचलली असेल, असल्या लोकांचा काय भरवसा. आणि तो आवाज? पाल चुकचुकली. समुद्राकाठी पाली असतातच.

"पुरे झालं," त्या कोपऱ्याकडं बघून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा करडा निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "पुरे झालं. लहान लेकराचं पाणी तोडायला मी सांगितलं नव्हतं. घर माझं आहे. दिलेला मान मी परत घेतेय."

माठावरचं झाकण किंचित वाजलं. बास, इतकंच. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग लक्षात आलं की आपण परवानगी मिळावी म्हणून उभ्या आहोत, आणि त्या बाहेर पडल्या.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी सरलाबाईंना फोन लावला. "तुम्ही त्या कोपऱ्यातली सुपारी झाडलीत का?"

"कोनती? ती? नही वो बाई. मी तठे झाडूच मारा नही. तुमीच सांगेल व्हतं ना, आता तठली मालकीन ती शे." आणि त्या खुदकन हसल्या.

नीलाबाईंनी आदित्यला सांगून सगळी बुकिंगं बंद करवली. त्यानं बँकेची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, बांगड्या मोडते, पण माझ्या घरात आता परकं माणूस नको. बोलताना त्यांना जाणवलं की परकं माणूस म्हणताना आपल्या डोळ्यांपुढं कुठलाच पाहुणा येत नाहीये. संताप होता तो आता दुसऱ्याच कुणावर होता. माझ्या माणसानं वाजवून घेतलेल्या फरश्या आहेत त्या. मी हक्कानं जाईन, आणि कोण अडवतं ते बघतेच.

६

आखाजीच्या दिवशी सकाळी टेंपो घरापुढं लागला. कपाट, पलंग, सुधाकररावांची खुर्ची, भांड्यांची पोती. टेंपोवाला गुजराती, पान चघळत दोऱ्या सोडत होता. सरलाबाई नवीन साडी नेसून आल्या होत्या. आखाजीला माहेरी जायचं सोडून बाईंच्या मदतीला आले, हे त्यांनी वाटेत दोनदा ऐकवलं होतं.

"मी देवापुढं दिवा लावून येते," नीलाबाई म्हणाल्या. "मग सामान आत घ्या."

किल्ली फिरली, दार उघडलं. घर थंडगार, नुकतं पुसलेलं. कित्येक दिवस इथं कुणी आलं नव्हतं, धूळ हवी होती. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या सरळ हिंचक्याकडं गेल्या आणि बसल्या. पायानं जोर दिला. हिंचका हलला, मागं गेला, आणि तिथंच थांबला. मागून कुणी हातानं धरून ठेवावा तसा थांबला. बाईंचे पाय फरशीला टेकत नव्हते. मग तो हळूच सोडला गेला.

त्या उठल्या. डोक्यात तिडीक उठली होती आणि तिच्याच जोरावर त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या.

ओट्याशी एक बाई उभी होती. दाराकडं पाठ. पदर कमरेला खोचलेला, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, उजव्या हातात फडकं. ती ओटा पुसत होती. एका जागी, गोल गोल.

"कोण आहेस?" नीलाबाई किंचाळल्या. "माझ्या घरात काय करतेस? हो बाहेर! चालती हो!"

हात थांबला. फडक्याची घडी झाली, तिकोनी. मग ती बाई वळायला लागली, सावकाश, कामात व्यत्यय आणणाऱ्या पोराकडं वळावं तशी. आधी कान दिसला. मग कानातली कुडी. मग गाल, आणि त्या गालावर चढत आलेला राग. नीलाबाईंनी तो राग ओळखला. जन्मभर तो त्यांनी आतून अनुभवला होता, समोरून कधी पाहिला नव्हता. तो असा दिसत असेल, लोकांना तो असा दिसत आला असेल, हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं. पूर्ण चेहरा दिसायच्या आत त्यांनी डोळे मिटले.

"चुकलं," त्यांच्या तोंडून निघालं. "चुकलं माझं. राग मानू नका."

मागच्या मागं चालत त्या बाहेर आल्या. ओटा उतरल्या. अंगणात, तुळशीपाशी, उन्हात उभ्या राहिल्या. दार त्यांच्यामागं कुणी आपटलं नाही. ते व्यवस्थित लोटलं गेलं.

७

सरलाबाई टेंपोतून बादली काढत होत्या. त्यांची पाठ घराकडं होती. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"सरलाबाई," नीलाबाई म्हणाल्या. आवाज फुटलाच नाही.

"सरलाबाई!" घरातून हाक आली. खणखणीत, करडी, शाळेच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल अशी. "बादली घेऊन आत या आधी. किती वेळ लावता!"

"आली, बाई!" सरलाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय. साडीचा घोळ सावरत, बादली घेऊन त्या लगबगीनं निघाल्या. नीलाबाईंनी हात पुढं केला. सरलाबाई त्यांच्या अगदी जवळून गेल्या. जाताना क्षणभर बघून त्या अदबीनं जरा बाजूला झाल्या, अंगणात थांबलेल्या अनोळखी माणसासाठी व्हावं तशा. मग दार उघडलं आणि त्या आत गेल्या.

आतून पाण्याचा आवाज यायला लागला. मग बोलण्याचा. एक आवाज सूचना देत होता, दुसरा "हो बाई, हो बाई" करत होता. मध्येच सरलाबाई कशालातरी मनापासून हसल्या.

टेंपोवाल्यानं शेवटची दोरी सोडली. सुधाकररावांची खुर्ची उतरवून त्यानं ती उन्हात मातीत ठेवली आणि पानाची पिंक फाटकाबाहेर नेऊन टाकली. मग घराकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं.

"बेन, सामान क्यां उतारवानो छे?"

नीलाबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी पदर नीट केला, कपाळावरचा घाम टिपला.

"थांबा जरा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आतल्या बाईंना विचारून येते."

आणि ओट्याच्या पायऱ्या चढून त्यांनी दारावरची बेल वाजवली.